बरणीतले बारके तुकडे

जिथे खाडी समुद्राला मिळते आणि सकाळच्या धुक्यात पाणी कुठे संपते व आकाश कुठे सुरू होते हे कळत नाही, तिथे एकदा एक वृद्ध गरवणारा राहत असे. गरी म्हणजे गळ. गरी टाकून मासे धरणे म्हणजे गरवणे. सारा गाव त्याला आबा म्हणे. बोलणे कमी आणि पाण्याकडे पाहणे फार.

त्याच्याकडे शांबा नावाचा तिशीतला पुरुष शिकायला येऊ लागला. शांबाचे वडील लाडोबा आबांचेच शिष्य. ते रोज संध्याकाळी मुलाला सोबत बोलावत, "उद्या येतंस माझ्यावांगडा?" आणि शांबा म्हणे, "बघूया." अशी दहा-बारा वर्षे गेली. मग एका पहाटे लाडोबा उठलेच नाहीत. त्यानंतर शांबा गरवायला निघाला. माणसाचे हे असेच असते, बोलावणारा गेला की पाय निघतात.

आबांची रीत अशी की दिवसाचे उरलेले आमिष, कोळंबी असो की तारली, पाणी निथळून, कापून, जाड्या मिठात थरावर थर लावून ठेवायचे आणि चार दिवसांनी खालीवर करायचे. बरणी कधी धुवायची नाही. विरजण राखतात तसे जुने मीठ राखायचे. ज्या दिवशी ताजे मिळत नाही, त्या दिवशी हेच उपयोगी पडते. शांबा मात्र उरलेले पाण्यात सोडून घरी जाई.

एका संध्याकाळी आबांनी विचारले, "उरलेला काय केलंस?"

"खाडयेत टाकलंय."

"बरणी नाय तुझ्याकडे?"

"आसा. पण ती भरलेली आसा. बाबांनी जावच्या आदल्या सांजेपर्यंत भरलेली. तिका कोण हात लावूचो नाय."

ती बरणी त्याने वडिलांच्या तसबिरीखाली फळीवर ठेवली होती, तोंडाला स्वच्छ फडके बांधून. रोज तिच्याकडे पाहून तो झोपे. वडिलांच्या हाताचे एवढेच काय ते उरले होते, आणि ते जपताना त्याला आपण चांगला मुलगा आहोत असे वाटे. बाकी कशाने तसे वाटत नव्हते.

पुढे वारा फिरला. तीन दिवस खाडीत कोळंबी दिसेना, तारली किनाऱ्याला येईना. चौथ्या सकाळी आबा स्वतः शांबाच्या घरी आले. उंबऱ्याशी थबकून त्यांनी हवा हुंगली. मग सरळ आत जाऊन बरणी उचलली, फडके सोडले, आणि अंगणात केळीच्या पानावर ती पालथी केली.

शांबा धावला. "आबा! ह्या काय केलात?" त्याचा आवाज फाटला होता.

वरचा थर काळवंडला होता. कोणी खालीवर केले नव्हते ना! आबांनी तो बाजूला सारला. खालचे आमिष अजून घट्ट, पांढुरके, चांगले होते. म्हातारा उन्हात बसून ते निवडू लागला. मोठे तुकडे एका बाजूला, बारके दुसऱ्या बाजूला. बारक्यांचा ढीग मोठ्यांइतकाच झाला.

"हे मोठे तुझ्या बापाशीच्या गरीचे," आबा म्हणाले. "आणि हे बारके? बारके तुकडे शिकणाऱ्याच्या गरीक लागतत. तुझ्या घरात शिकणारो कोण होतो?"

शांबाने एक बारका तुकडा उचलून तळहातावर घेतला.

"तू 'बघूया' म्हणत होतंस, आणि तो रोज तुझ्या वाटचे कापून मिठात घाली. मीठ लावतत ता उद्यासाठी, शांबा. तू बापाशीचो काल जपत रवलंस. तेणा तुझ्यासाठी उद्या ठेवल्यान."

शांबा त्या पानापुढे बसला आणि लहान मुलासारखा रडला. आबांनी त्याला रडू दिले.

दुसऱ्या सकाळी धुके इतके दाट होते की होडी ढगातून जाते आहे असे वाटे. शांबाने बारकी गरी काढली, वडिलांनी कापलेला एक बारका तुकडा तिला लावला आणि दोरी पाण्यात सोडली. बराच वेळ काहीच झाले नाही. मग दोरीला हलकासा हिसका बसला.

वारा पुन्हा फिरला, कोळंबी आली. त्या संध्याकाळी शांबाने उरलेले पाण्यात टाकले नाही. अंगणात बसून त्याने ते कापले, आणि वडिलांच्याच मिठावर नवा थर लावू लागला. आबा शेजारी बसून पाहत होते. त्याने थोडे मोठे तुकडे केले, थोडे बारके.

"बारके कोणासाठी?" आबांनी विचारले.

शांबाने मूठभर मीठ वर पसरले. "कोण उद्या इलो तर," तो म्हणाला, आणि त्याने बरणीला फडके बांधले, सैलसे, सहज सुटेल असे.