आज्याची माती

शके सतराशे चौपन्न, वैशाख संपत आलेला. बोरखड्याचे हे तळे त्या उन्हाळ्यात खणून होत आले होते, असे सांगतात. पाण्याच्या मधोमध तो उंचवटा दिसतो, त्याला बाहेरची माणसे बेट म्हणतात. बेट नाही ते. त्याला आजा म्हणायचे. इथे बसा, फोटो काढा, भाकरी खा. पण तिकडे पाय करून बसू नका.

हे तळे खणणारा इरण्णा भीमेपलीकडचा. तिकडे दुष्काळ पडला, कर्ता मुलगा गेला, तेव्हा म्हातारा विधवा सुनेला आणि नातवंडांना घेऊन मातीकाम करणाऱ्या टोळीबरोबर इकडे आला. थोरली नात सायव्वा गाढवावरच्या गोणीत बसून आली म्हणे. गावोगाव विहिरी खणत, बांध घालत ती मोठी झाली. मजुरी जोंधळ्यात मिळे. चूल पेटली की आधी नातवंडे, मग सून, मग गाढवे, आणि उरले तर इरण्णा. पाटी वाहून त्याच्या टाळूवरचे केस झिजून गेले होते.

बोरखड्याच्या बहिर्जी पाटलाने त्याला शब्द दिला होता, की तळे झाले की बांधाखाली घरापुरती जागा देईन. त्या शब्दावर म्हातारा राबला. सायव्वा म्हणे, "आज्या, बस की जरा." तो म्हणे, "तुमची चूल एका जागी पेटू दे. मग बसंन."

तो बसला नाही. भर दुपारी, डोक्यावर भरलेली पाटी असताना तो बांधावर पडला. उठला नाही.

त्यांच्यात माणूस पुरतात. सायव्वा पाटलाकडे गेली आणि बांधाखालची ती जागा मागितली. पाटील ओसरीवर पान लावत होता.

"शब्द तळं झाल्यावरचा हुता," पाटील म्हणाला. "तळं कुठं झालंय? आन् परमुलखाच्या माणसाला गावची माती कशी द्यायची? न्या भीमेपल्याड."

"गावची माती?" सायव्वा म्हणाली. "ती वाहून वाहून मेला त्यो."

"फुकट न्हाई वाह्यली. जोंधळं मोजून घेतलं."

ओसरीवरची माणसे हसली. ते हसणे सायव्वाच्या डोक्यात गेले. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "तळं झालं न्हाई म्हंता?"

"न्हाईच झालं."

"मग खड्डा अजून आमचा."

मातीकामाची रीत अशी, की खणताना मधोमध मातीचा एक खांब तसाच राखतात. किती खोल खणले, याची साक्ष तो खांब देतो. मोजणी झाली की तो पाडायचा, मग काम गावाच्या ताब्यात. तोवर खड्ड्यावर हक्क खणणाऱ्याचा. हे पाटलालाही ठाऊक होते. सायव्वाने टोळी घेतली, खांबाच्या माथ्यावर खणले आणि आज्याला तिथे ठेवले. मग सगळ्यांनी टिकाव खाली टाकले.

गाढवांना ये-जा करायला बांधाचे तोंड उघडे ठेवलेले होते. ते बुजवायचे राहिले. आणि दक्षिणेकडे आभाळ भरून यायला लागले. त्या तोंडातून पाणी घुसले असते, तर अख्खा बांध गेला असता. गावातल्या कोणी जन्मात पाटी उचलली नव्हती. त्यात त्यांना कमीपणा वाटे.

पाटील स्वतः खड्ड्यात आला. "पोरी, तोंड बुजीव. जागा देतो."

"जागा तर द्यायचीच हाय," सायव्वा म्हणाली. "आधी आज्याला माती द्या. पाणी आलं की खांब इरघळंल. घरटी एक पाटी. पयली तुमची."

"गडी धाडतो."

"गड्यानं शब्द दिला न्हवता."

आभाळ गडगडले. गावातला एक म्हातारा हळूच म्हणाला, "पाटील, पागुट्यावर पाटी ठरत न्हाई." कोणी हसले नाही.

पाटलाने पागोटे उतरवून बांधावर ठेवले. उघड्या डोक्यावर चुंबळ घेतली आणि पाटी उचलली. मान लटपटत होती. माती डोळ्यांत जात होती. सायव्वाने हात लावला नाही. तो खांबावर चढला आणि पाटी पालथी केली. मागून सारे गाव आले. खांबाचा उंचवटा झाला. मग सायव्वाने टिकाव उचलला आणि बांधाचे तोंड बुजले. बांधाखाली तिची चूल पेटली.

खांब मातीखाली गेला, म्हणून तळ्याची मोजणी कधी झाली नाही आणि खांब पाडलाही नाही, असे सांगतात.

आजही वैशाखात पाणी आटते आणि आजा पायथ्यापर्यंत उघडा पडतो. घरटी एक पाटी माती जाते. पहिली पाटलाच्या घरची, उघड्या डोक्यावर. पाटी पालथी होते. त्या सालापुरती फेड झाली.