भाडेकरूंची रांग

लग्नसराई संपली की मंगल कार्यालयात व्याख्यानं सुरू होतात. त्या रविवारी 'अनुभवी गुंतवणूकदारांकडून शिका' असा फलक होता. अनुभवी म्हणजे वडनेरेसाहेब. आयुष्यभर जागा घेत-विकत आलेले. सकाळपासून ते बोलत होते आणि शेवटी गाडी त्यांच्याच नव्या इमारतीवर येऊन थांबली.

"फ्लॅट घ्या, भाड्याने द्या आणि निवांत झोपा! भाडेकरूंची रांग लागलीय. पंधरा हजार तर कुठे गेले नाहीत, वीससुद्धा मिळतील."

मागच्या रांगेत प्रमिलाताई दुसाने बसल्या होत्या. नर्सची नोकरी करून गुडघे गेले होते, निवृत्तीचा पैसा तेवढा शाबूत होता. असली व्याख्यानं ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते.

"साहेब, मी घेते फ्लॅट," त्या बसूनच म्हणाल्या.

टाळ्या पडल्या.

"फक्त भाडेकरू तुम्ही व्हा. पाच वर्षांचा करार करू. मला पंधरा द्या आणि रांगेतल्या कुणालाही वीसला द्या. वरचे पाच तुमचे."

साहेब हसले. "अहो ताई, मी कशाला अडकू? उद्या कुणी आलंच नाही, तर दर महिन्याला पंधरा हजार मी कुठून भरू?"

आपण काय बोललो ते साहेबांनाही कळलं, पण उशिरा.

प्रमिलाताईंनी खुर्चीखालची चप्पल पायानेच ओढली. "हे सकाळीच सांगितलं असतंत, तर सगळे जेवायला घरी गेलो असतो."