देव्हाऱ्यातले गिनीपिग

डोंगराला पाठ लावून बसलेल्या एका गावात एक सुतार होता. तो फक्त देव्हारे करायचा. कोणी पोळपाट मागितला, पाळणा मागितला, की म्हणायचा, "दुसरीकडे जा. माझ्या हाताला देवाची सवय आहे." असा ताठा!

त्याची रीत ठरलेली. देव्हाऱ्याचं तोंड पूर्वेला, पुढची बाजू सताड उघडी, वर पितळी पत्र्याचं शिखर. उंबऱ्यात उभं राहिलं की मूर्ती पायापासून मुकुटापर्यंत दिसली पाहिजे. "देव दिसलाच नाही तर तो देव्हारा कसला?" असं तो म्हणायचा, आणि देवाच्या बाबतीत ते खरंही असेल.

त्याच्या बायकोला समुद्रापलीकडच्या एका व्यापाऱ्याने चार गिनीपिग दिले होते. तो तापाने फणफणला तेव्हा तिने आठ दिवस त्याला पेज पाजली होती, म्हणून. गिनीपिग म्हणजे सशाहून लहान, उंदराहून मोठा. गुबगुबीत, आणि शेपूट म्हणून नाही. गावची पोरं विचारायची, "काकू, तुमच्या उंदरांची शेपटं कोणी पळवली?"

"तुझ्या आज्यानं," काकू म्हणायची.

तिच्या बांगड्या वाजल्या की चौघंही शीळ घालायची. हिरवा पाला घेऊन ती येते आहे, हे त्यांना आवाजावरून कळायचं.

पण घर होतं एकाच खोलीचं. तिथेच सुतार लाकडं जोडायला सरस शिजवायचा. त्या वासाने आणि धुराने ते जीव शिंकून शिंकून बेजार व्हायचे. त्यात चौघांतली तांबडी गाभण राहिली.

बायको म्हणाली, "अहो, यांना अंगणात निवारा करून द्या. या धुरात तांबडीचं काही खरं नाही."

"मी देवाला घर देतो. उंदरांना नाही."

"मग तो सरस अंगणात शिजवा, आणि उंदरांना घरात राहू द्या."

सुतार गुरगुरला, पण कामाला लागला. हाताला सवय एकच, त्यामुळे झाला देव्हाराच! पुरुषभर लांब, कोरीव खांब, खांबांवर मोर, पुढे बारीक जाळी, आणि वर पितळी शिखर लखलख करणारं. अंगणाच्या मधोमध, जमिनीपासून चार बोटं उंच बसवला, रस्त्यावरून दिसावा म्हणून. चारही जीव त्यात सोडले.

गाव लोटलं. गावचा पाटील म्हणाला, "वा रे वा! आमच्या कुलदैवताला असा नाही." कोणी जाळीतून काडी घालून बघितली, कोणी टाळ्या वाजवल्या. सुताराची मान ताठ झाली.

बायको मात्र कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अहो, शीळ बंद झाली यांची."

"नवं घर आहे. भारावली असतील."

"पाल्याला तोंड लावलं नाही."

"गप ग तू. एवढं गाव खुळं आहे का?"

दिवस चैत्राचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पितळ असं तापलं की त्यावर भाकरी शेकली असती. बायको पाणी घेऊन धावली तेव्हा चौघांतला म्हातारा पांढरा पाय ताणून पडला होता. गेला होता. तिने आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाली, "आता तांबडीची पाळी."

ते ऐकून सुतार चरकला. बाकीची तिघं पार मागच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगाखाली डोकी खुपसून बसली होती. हात पोचेना. त्याने जाळी उखडली, जमिनीवर पालथा पडला आणि डोक्यासकट खांद्यापर्यंत आत शिरला. आत भट्टी होती. तांबडीला त्याने गालाशी धरलं आणि बाहेर यायला मान वळवली.

आणि तिथेच थिजला.

चाळीस वर्षं त्याने देव्हारे केले, पण आत राहून बाहेर कधी बघितलं नव्हतं. समोर भिंत नव्हती, आडोसा नव्हता. सगळंच्या सगळं आभाळ त्याच्या अंगावर उतरलं होतं. एवढं मोठं आभाळ त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्यात एक घार फिरत होती. ती उंच होती, तरी तिची सावली अंगणातून सरकत आली आणि थेट त्याच्या डोळ्यांवरून गेली. कुंपणापाशी पाटील वाकून बघत होता. खालून त्याचं तोंड परातीएवढं दिसत होतं, आणि तोंडात नुसते दात.

गालाशी तांबडीचं काळीज धडधडत होतं, इतकं भराभर की ठोके वेगळे करता येईनात. आणि तिच्या पोटातून, त्याच्या गालावर, आतल्या पिल्लाने हळूच लाथ मारली.

सुताराच्या अंगावर काटा आला. ओंजळीत मावणारा जीव, त्याच्या आत आणखी जीव, आणि त्यांच्यावर त्याने अख्खं आभाळ उघडं टाकलं होतं.

तो बाहेर आला. "पाटी आण. ओलं फडकं घाल वर. माझं चुकलं," एवढंच म्हणाला. बायकोने हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

त्याच दुपारी त्याने देव्हारा मोडला. जुन्या जाड फळ्या घेतल्या आणि कडुलिंबाच्या गर्द सावलीत, गुडघाभर उंच पायांवर, बसकं घर उभं केलं. मुंगूस शिरू नये, ओल चढू नये असं. छप्पर गवताने शाकारलं. पुढच्या खोलीला दाट जाळी, आणि मागे बंद, अंधारी खोली, तिला दोन तळव्यांएवढं दार. आत वाळल्या गवताचा ढीग. कोरीवकाम टीचभरही नाही.

पाटील हसला. "काय रे, मोरावरून खोक्यावर आलास? आतलं काही दिसत नाही की!"

"म्हणूनच केलंय तसं," सुतार म्हणाला.

तिघंही धूम ठोकून अंधाऱ्या खोलीत शिरली. तो दिवस शांत गेला. दुसऱ्या दिवशी बायको पाला घेऊन निघाली, बांगड्या वाजल्या, आणि आतून शीळ आली. आधी एक, मग तिघांची. सुताराच्या हातातला रंधा थांबला.

पाचव्या दिवशी सकाळी बायको आतून आवाज ऐकून म्हणाली, "व्याली वाटतं. फळी काढून बघा की!"

"मी नाही बघणार. त्यांना वाटेल तेव्हा येतील."

तो झाडाखाली बसून राहिला. जेवायलाही उठला नाही. ऊन कलल्यावर त्या छोट्या दारातून तांबडी बाहेर आली. तिच्यामागे एक, दोन, तीन पिल्लं. आंधळी नाहीत, उघडी नाहीत. अंगभर केस, डोळे टक्क उघडे, आणि आपल्या पायांनी चालत! आज जन्मलेली, आणि आजच पाला कुरतडायला लागली. सुताराने डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. देवासमोर काढायचा तसंच.

पुढच्या महिन्यात पाटलाने कुलदैवतासाठी सांगितलेला देव्हारा तयार झाला. पाटील बघतो तर मूर्तीच्या मागे छोटी बंद खोली, आणि तिला दार.

"हे कशाला? देवाला कसला आडोसा?"

सुतार म्हणाला, "दिवसभर तुम्ही त्याच्याकडे टक लावून मागत राहता. मी एकदा त्याच्या जागी डोकं घालून बघितलंय, पाटील. राहू द्या दार."

तात्पर्य: कोणाला घर द्यायचं असेल तर आधी त्याच्या जागेवरून बाहेर बघा, बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या घरात राहणारा उघड्यावरच असतो.