बेडूकबुवांचा मोठा विचार

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा बेडकांना नुकताच कंठ फुटला होता आणि ते दिसेल त्याला उपदेश करत सुटले होते.

सगुणी नावाची शेणकिडी रोज सकाळी बोराएवढी शेणाची गोळी वळायची आणि ढकलत बिळात न्यायची. अंडी घालायचे दिवस जवळ आले होते, आणि प्रत्येक अंड्याला एक गोळी लागायची.

एकदा वाटेत बेडूकबुवा भेटले. पोट फुगवून म्हणाले, "एवढीशी गोळी? अगं, विचार मोठा कर! नशीब आपोआप घरंगळत येईल."

सगुणीला आपल्या गोळीची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिने चांगला पेरूएवढा गोळा वळला. तो तसूभरही हलेना. बुवा शेजारी बसून "जिद्द! जिद्द!" असं ओरडत राहिले. दुपारपर्यंत उन्हाने गोळ्याची गोवरी झाली आणि सगुणीची कंबर कामातून गेली.

"आता काय करू, बुवा?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"याहून मोठा विचार कर!"

सगुणीने बुवांकडे नीट पाहिलं. सकाळपासून ते जागचे हललेसुद्धा नव्हते.

ती म्हशीमागे गेली, ताज्या शेणाची बोराएवढी गोळी वळली आणि ढकलत परत आली.

"जरा सरका, बुवा," ती म्हणाली. "माझ्या वाटेत बसलाय तुम्ही."