चिमाची फांदी

घाटात अजून डांबर पडलं नव्हतं, बैलगाड्याच चढायच्या, त्या काळातली ही गोष्ट.

घाटाखालच्या कोंडथर गावात राही नावाची बाई राहायची. तिच्या परसात पानओवा होता. त्याच्या जाड, मऊ पानाला बोट लागलं तरी हाताला दिवसभर वास यायचा. राही त्या पानांची भजी करायची. पोट दुखलं तर पान मिठाबरोबर चावायला द्यायची. पोरांना खोकला झाला की पान तव्यावर शेकायची आणि त्याचा रस मधातून चाटवायची. असं म्हणतात, तिच्या अंगणात शिरताच खोकला थांबायचा.

गावाची एक रीत होती. लेक सासरी निघाली की आईनं तिच्या ओटीत ओव्याची फांदी घालायची. ती लावली की सासरच्या दारातही माहेरचा वास येतो.

राहीची एकुलती लेक चिमा घाटावर दिली. राहीनं फांदी पाण्यात घालून ओट्यावर ठेवली आणि रडारडीत तिथंच विसरली. आठवलं तेव्हा ती फांदी घेऊन धावत सुटली, पण गाडी वळणाआड गेली होती.

मग तिनं ती फांदी दारात लावली. चिमा येईल तेव्हा नेईल, म्हणून. पण सासरचे चिमाला पाठवीनात. पुढच्या उन्हाळ्यात गावातला सगळा ओवा वाळला. चिमाच्या फांदीचं झुडूप तेवढं राहिलं. लावायला फांदी मागितली तरी राही कुणाला देईना.

"काय गं राही, फांदीला सोनं लागलंय का?" शेजारची गोदा टोमणा मारायची.

"पानं ने की पदरभर. फांदी चिमाची आहे."

एका हिवाळ्यात घाटावर डांग्या खोकल्याची साथ आली. माणकू नावाचा गडी घाट उतरून आला. "मावशी, पानं वर पोचेपर्यंत कोमेजतात. पोरं खोकून निळी पडतात गं. फांदीच दे."

राही बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिली. मग तिनं फांदी मोडली. "जिथं लावशील तिथं सांग, चिमाच्या आईनं दिलीय."

मग घाटावरची माणसं येतच राहिली. झुडपाचा नुसता खुंट उरला. पण असं म्हणतात, मोडली तिथं सकाळी नवी फांदी फुटायची आणि ती रस्त्याकडंच वाकायची. वर दारोदारी ओवा लागला. देणारा घेणाऱ्याला तेच सांगायचा, "चिमाच्या आईनं दिलीय."

वाट बघता बघता राही गेली. तिच्या दिवसकार्याला गाव जमला, तेव्हा दारातल्या ओव्याशेजारी कुणीतरी ताजी फांदी खोचलेली दिसली. भोवतीची माती ओली होती. पानं लहान आणि जाड होती, घाटावरच्या थंडीत होतात तशी.

कोंडथरात आजही रस्त्याकडं वाकलेल्या फांदीचं पान कुणी खुडत नाही. भज्यांना नाही, औषधालाही नाही. आणि नवरी गाडीत बसली की सगळा गाव विचारतो, "फांदी घेतली का?" ती ओटीतली फांदी वर धरून दाखवते, तेव्हाच गाडी हलते.