भिवरूच्या दोन विद्या

फार पूर्वी, करवंदीच्या जाळीतल्या भिवरू मुंगसाने नागाशी लढायचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि तो म्हाताऱ्या कासवाकडे जडीबुटी शिकू लागला. "मला दोन्ही विद्या येतील," असं त्याने धाकट्या बहिणीला, चिमीला, सांगितलं.

एका दुपारी त्यांच्या बिळात नाग शिरला. भिवरूने झेप घेतली, पण नागाची मान हुकली आणि नाग चिमीला डसला. त्याने तिला ओढत बाहेर आणलं, एक मुळी चावून तिच्या तोंडात रस पिळला आणि तिच्याजवळ बसून राहिला.

कितीतरी वेळाने चिमीने डोळे उघडले. "दादा, नाग मेला ना रे?"

भिवरूने तिला घट्ट जवळ घेतलं. बिळातून अजून फूत्कार ऐकू येत होते, आणि आत जायची त्याची छाती होत नव्हती.