तागडीबाईंचा पासंग

वजनमापांना जेव्हा तोंड होतं, त्या काळची ही गोष्ट. भाजीबाजारात तागडीबाई न्यायाधीश होत्या. एकदा भोपळ्याशी भांडण झालं म्हणून आवळा त्यांच्यापुढे गेला आणि बघतो तर काय, दोन्ही पारडी रिकामी, तरी भोपळ्याकडचं आधीच खाली!

त्याने चौकशी समितीकडे धाव घेतली. समितीत तिघे होते: शेर, अच्छेर आणि पावशेर. तिघांचाही जन्म तागडीबाईंच्या पारड्यात गेलेला. त्यांनी तक्रारीचा कागद तागडीबाईंकडूनच तोलून घेतला.

"तक्रारीत वजन नाही," शेर म्हणाला.

"अहो, पण रिकामी तागडी झुकतेच कशी?" आवळा तडकला.

तिघांनी वाकून पाहिलं. खरंच झुकत होती! आता बाईंची अब्रू राखायला हवी. त्यांनी पासंग म्हणून आवळ्यालाच वरच्या पारड्याखाली सुतळीने बांधलं. तागडी सरळ झाली.

"अहो, सोडा मला!"

"हलू नका, आवळोबा," पावशेर कळवळून म्हणाला. "तुम्ही हललात की न्याय झुकतो."

आठवड्याभरात आवळा सुकला आणि तागडी पुन्हा कलली. समितीने बाजारात पाटी लावली: 'तक्रारदार पाहिजे. ताजा असावा.'